वादग्रस्त अनुबोधपट आणि त्याचा प्रेक्षक

वादग्रस्त अनुबोधपटाचा विचार आपल्याकडे बहुधा परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहरांविषयीच्या लघुपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1970 साली पूर्वपरिनिरीक्षण घटनासंमत ठरविले. तेव्हापासून हा प्रश्न केवळ कायद्याचा आहे, अशी समजूत रूढ झाली. ती अपुरी आहे. कात्रीतून सुटलेल्या कृतीला प्रेक्षक लाभतोच असे नाही.

आनंद पटवर्धन यांचा 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' दूरदर्शनवर दाखविला जावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 2006 साली. तोवर कृती तयार होऊन दहा वर्षे उलटली होती. न्याय मिळाला, पण ज्या क्षणी ती पाहावयास हवी होती, तो क्षण परत मिळाला नाही. बेंगळुरूच्या दीपा धनराज यांनी हैदराबादच्या जातीय दंगलींवर 1986 साली 'क्या हुआ इस शहर को?' केला. अशा कृतीला बंदीइतकेच विस्मरणही घातक असते.

म्हणून पटवर्धनांचाच 'जय भीम कॉम्रेड' (2011) येथे आवर्जून सुचवावासा वाटतो. 1997 साली घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील पोलीस गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या आघाताने शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून निघालेला हा अनुबोधपट तीन तासांहून अधिक चालतो आणि त्याच्या निर्मितीला चौदा वर्षे लागली. त्यातील शाहिरी ही सजावट नव्हे. युक्तिवादाची पुढची पायरी गाणेच चढते. उत्तरार्धात प्रसंगांची दाटी होऊन मूळ शोकाची धार काहीशी बोथट होते, हे मान्य केले पाहिजे.

अशा कृतींवर प्रचाराचा आरोप होतो. प्रचारकाला प्रतिपक्ष बोलू देणे परवडत नाही; येथे मात्र 6 डिसेंबरच्या गर्दीविषयी नाके मुरडणारी सुशिक्षित माणसे आपल्याच शब्दांत बोलतात. त्यांची भाषा आपल्या ओळखीची आहे, आणि आपले अवघडलेपण तेथूनच सुरू होते. दिग्दर्शकाचा पक्ष स्पष्ट आहे, परंतु निवाडा त्याने प्रेक्षकाकडे सोपविला आहे.

वितरणाचा प्रश्न अखेर असा आपल्यापाशी येतो. कादंबरीची चर्चा करणारी आपली नियतकालिके अनुबोधपटाविषयी बहुधा मौन पाळतात. विद्यापीठांतील मराठी विभाग शाहिरी शिकवितात, पण हा अनुबोधपट क्वचितच दाखवितात. कायदा कृतीला फार तर वाट मोकळी करून देईल. तिला प्रेक्षकापर्यंत पोहोचविणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते आपण अद्याप पुरतेपणी हाती घेतलेले नाही.