'कोर्ट' : सभ्य माणसांचा अपराध

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात खलपुरुष नाही, आणि त्यामुळेच त्याचे नैतिक परीक्षण अवघड होते. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराचे गीत ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने गटारात आत्महत्या केली, असा आरोप आहे. त्याचा पोकळपणा प्रेक्षकास लवकरच उमगतो. तेव्हा कांबळे दोषी की निर्दोष, हा येथे प्रश्नच नव्हे. निर्दोष माणसाचे आयुष्य चारचौघांसारख्या सभ्य माणसांकडून कसे झिजविले जाते, हा खरा प्रश्न होय.

या दृष्टीने सरकारी वकील नूतन ही सर्वांत लक्षणीय व्यक्तिरेखा. न्यायालयात ती कलमांमागून कलमे एकसुरात वाचते; काम आटोपल्यावर लोकलने घरी जाते, स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णी यांच्या संयत अभिनयामुळे तिचा तिरस्कार करणे प्रेक्षकास जमत नाही. हीच गृहिणी परप्रांतीयांची हेटाळणी करणाऱ्या नाटकाला कुटुंबासह जाते, तेव्हा प्रेक्षकाची सहानुभूतीच अडचणीत येते.

वासुदेवच्या विधवेची साक्ष हा चित्रपटाचा गाभा होय. दुर्गंधी सोसवत नाही म्हणून नवरा दारू पिऊन उतरे. संरक्षक साधने नव्हती. एक डोळा आधीच गेला होता. आत्महत्येचा सिद्धान्त येथेच कोसळतो. पण बाई हे भाजीचा भाव सांगावा तशा स्वरात सांगते आणि स्थिर कॅमेराही जवळ जात नाही. साधनांविना गटारात माणूस उतरविण्यास मनाई करणारा कायदा २०१३ मध्ये झाला. नूतनच्या हाती मात्र १८७६ चा नाट्यप्रयोगविषयक कायदा आहे!

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. वकिलांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत आणि न्यायाधीशांच्या सहलीपर्यंत जाणारा कॅमेरा या बाईच्या घरात शिरत नाही. बचाव वकिलाच्या मोटारीत ती पैसे नाकारून काम मागते, आणि कथेतून नाहीशी होते. न्यायालयालाही ती साक्षीपुरतीच हवी होती.

शेवटचा सहलीचा प्रसंग काहींना अनावश्यक वाटेल. परंतु सुटीत बाकावर डुलकी घेणारे न्यायाधीश सदावर्ते ओरडून झोपमोड करणाऱ्या मुलांपैकी हाती लागलेल्या एकाला चपराक देतात. एवढा तत्काळ निर्णय त्यांनी सबंध चित्रपटात दुसरा दिलेला नाही. पोर रडत जाते. सदावर्ते पुन्हा डोळे मिटतात.