तांब्यावर न उतरलेलं देऊळ

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या मंडपात भर दुपारी बसावं. बाहेर माळशिरस तालुक्याचं रणरणतं ऊन, आत काळ्या दगडाचे यादवकालीन खांब. दारातून आलेला उजेड पहिल्या खांबाच्या कडेला लख्ख लागतो, दुसऱ्यापर्यंत निम्माच पोचतो, त्यामागे अंधार. त्या अंधारात रंग शोधून सापडत नाही. दिसते ती दगडाची कड. ही जागा ड्रायपॉइंटनेच काढावी, असं मला तिथे दर वेळी वाटतं.

तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर टोकदार सुईने सरळ रेघ ओढायची, की झालं ड्रायपॉइंट. सुई जाते तिच्या कडेला धातूची बारीक कोर उठते. लेथवरची माणसं तिला बर म्हणतात आणि घासून टाकतात; चित्रकाराला मात्र तीच हवी असते. पत्र्याला शाई लावून वरची पुसून घेतली, तरी या बरेत शाई अडकून राहते आणि ओलसर कागदावर दाबाखाली मखमली काळी रेघ उमटते. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देऊन रेघ त्या थरात काढतात आणि धातू खायचं काम आम्लावर सोपवतात. तिथली रेघ स्वच्छ येते, टिकतेही. ड्रायपॉइंटची बर मात्र प्रत्येक छपाईत दबत जाते. काही डझन प्रतींनंतर काळा रंग करडा पडतो.

वास्तूंची अशी छापचित्रं काढण्यात ब्रिटिशांनी मोठी मजल मारली. म्युरहेड बोन हा स्कॉटिश चित्रकार मुळात वास्तुरचनेचं काम शिकलेला. त्याचं 1906 मधलं ‘द ग्रेट गँट्री, चेरिंग क्रॉस स्टेशन’ हे ड्रायपॉइंट पाहावं. स्टेशनाच्या छताच्या दुरुस्तीसाठी उभारलेला लाकडी सांगाडा, एवढाच विषय. पण कुठलं लाकूड भार घेतं आणि कुठलं नुसतं टेकलंय, हे त्याच्या रेघेवरून कळतं. एफ. एल. ग्रिग्जने तर कधी अस्तित्वातच नसलेल्या गॉथिक इमारती अशा कोरल्या, की त्यांच्या दगडांना वय आहे असं वाटावं. 1920च्या दशकात या चित्रांचा लंडनमध्ये मोठा बाजार होता. 1929च्या मंदीने तो बसवला. वास्तू काढणारा हात मात्र तयार झाला होता.

आपल्याकडे असा हात तयार झाला नाही, ही माझी खंत आहे. सुरुवात तर इथेच झाली होती. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईत आला, पुण्याला गेला, त्याने सवाई माधवरावांचं चित्र काढलं, वेरूळची रेखाटनं केली आणि 1795 मध्ये तो वारला. त्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली वेरूळची 24 ॲक्वाटिंट चित्रं 1803 मध्ये लंडनला निघाली. देखणी आहेत, पण ॲक्वाटिंटच्या मऊ छटांत कैलासाचा दगड जरा जास्तच हळवा होतो. त्याच काळात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळ रेखाटणारा पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आडनावातच तांबं, आणि नजर लेणं मोजून-मापून घेणारी! त्याची चित्रं आज परदेशातल्या संग्रहात आहेत. तांब्याचा पत्रा आणि सुई त्याच्या हाती कुणी दिली असती तर?

पुढे 1857 मध्ये जे. जे. स्कूल निघालं. तिथल्या शिक्षणातून निसर्गचित्रणाची जी परंपरा वाढली, तिने आपल्याला ऊन रंगवायला शिकवलं, आणि ते ऊन अस्सल आहे. ल. ना. तासकरांची देवळांतली दृश्यं पाहा, शिवाजी तुपे यांची नाशिकची चित्रं पाहा. देवळाची काळी, जड बाजू मात्र त्यात मागे राहिली. मुद्राचित्रण कलाशाळांत शिकवलं जातं. वसंत परब यांच्यासारखे मुद्राचित्रकार महाराष्ट्रात झाले. तरी ओळखीची एखादी वास्तू घेऊन वर्षानुवर्षं तिच्यामागे लागणं आपल्या एचिंगमध्ये रुजलं नाही. कारणं उघड आहेत. प्रेस जड आणि महाग, तांबं महाग. कॉलेज सुटलं की दोन्ही सुटतं.

मला आशा वाटते ती आर्किटेक्चरच्या मुलांकडून. अभ्यासासाठी ती वाडे आणि देवळं टेपने मोजतात, कागदावर उतरवतात. चुन्याविना दगडात दगड कसा बसवलाय, हे त्यांना समजतं. बोनही असाच घडला होता.

यातलं कुणी वेळापूरला पत्रा घेऊन बसलं, तर एक अडचण येईल. छपाईत चित्र उलटं होतं. चित्रकार व्हिसलर व्हेनिसमध्ये समोरचं दृश्य थेट पत्र्यावर काढायचा, त्यामुळे त्याच्या कागदावर व्हेनिसची डावी बाजू उजवीकडे गेली. त्याला त्याची फिकीर नव्हती. पण इथे रामचंद्रदेव यादवाच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. कागदावर ते सुलटे वाचता यावेत, तर पत्र्यावर एकेक अक्षर उजवीकडून डावीकडे, काना अक्षराच्या उलट्या अंगाला देत, सुईने लिहावं लागेल. सातशे वर्षांपूर्वी छिन्नीने लिहिणाऱ्याला लागला असेल तेवढाच वेळ घेऊन.