मागच्या बाकावरून वाचलेली जीप

कवितेचं रसग्रहण करताना पहिला प्रश्न असतो: हे बोलणं कोणाला उद्देशून आहे? गेल्या दिवाळीनंतर दौंड तालुक्यातल्या वरवंडला आम्ही घरासाठी जुनी, उघड्या टपाची गाडी शोधायला लागलो, तेव्हा प्रत्येक गाडीला मी हाच प्रश्न विचारला. ही कोणासाठी घडवली आहे, चालवणाऱ्यासाठी की मागे बसणाऱ्यांसाठी?

या प्रश्नाने बऱ्याच सुंदर गाड्या बाजूला पडतात. १९८९ साली आलेली माझदाची मिआटा दोघांची. आपल्याकडे बनलेली, फायबरच्या अंगाची सॅन स्टॉर्मही दोघांचीच. अशा गाडीत सगळं चालवणाऱ्याभोवती रचलेलं असतं. आम्ही पाच जण, त्यात आईने सत्तरी ओलांडलेली. आम्हाला हवी होती ती गाडी आमच्या भागाने केव्हाच निवडून ठेवली होती: जीप. वडापला तीच, वरातीला तीच, आणि ग्रामपंचायतीच्या गुलालालाही तीच.

गावातल्याच एका शेडमध्ये एक एमएम ५४० उभी होती. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. त्याच घराण्यातली ही ऐंशीच्या दशकातली लेक. इंजिन प्युजोचं, डिझेल, २११२ सीसी. मालकाने किल्ली माझ्या हातात दिली आणि मी सवयीने स्टिअरिंगकडे वळलो. आई म्हणाली, "आधी मागं बसून बघ. चालवणाऱ्याला काय, त्याला रस्ता. बघायचं ते मागच्यानं."

मी मागे बसलो, आणि तिथून ही जीप मला खरी वाचता आली.

मागे दोन आडवे बाक, समोरासमोर. बसणाऱ्याचं तोंड रस्त्याकडे नसतं, माणसाकडे असतं. बंद गाडीत मागचा माणूस पुढच्याच्या मानेशी बोलतो. इथे गुडघ्याला गुडघा लागतो, आणि समोरच्याच्या खांद्यावरून शेत मागे सरकत राहतं. वाकून बोलायचं, मग मान वर करून बघायचं, अशी त्या बसण्याला लय आहे. हूड काढलं की डोक्यावर आभाळ येतंच. पण नुसतं आभाळ तर मोटारसायकलवरही असतं. आभाळाखाली एकमेकांची तोंडं दिसणं, हा या गाडीचा रस. 'आराधना' चित्रपटातली जीप आठवून पाहा. गाडी मित्र चालवतो, गाणं शेजारी बसलेला गातो. त्या दृश्यातला सगळा मोकळेपणा ज्याच्या हातात स्टिअरिंग नाही, त्याच्या वाट्याला आला आहे.

बाकीचे तपशीलही असेच साधे, आणि म्हणून वाचनीय. मडगार्ड सपाट. त्यावर पाना-स्क्रूड्रायव्हर ठेवता येतो, दसऱ्याला पूजेचं ताट ठेवता येतं, पोरांना बसून पेरू खाता येतो. पुढची काच चौकटीसकट बॉनेटवर आडवी पडते. दार म्हणावं असं काही नाही, एक कापलेली कड आहे. काहीच लपवलेलं नाही. बिजागरी, बक्कल, पट्टे, सगळं डोळ्यांसमोर आहे. कशाने काय चालतं हे लहान मुलाला बोटाने दाखवता येतं, हा गुण मी फार मोठा मानतो.

मात्र जुन्या ग्रंथासारखीच जुन्या जीपची संहिताही तपासावी लागते, कारण प्रक्षेप फार. इंजिन दुसऱ्याच गाडीचं, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा, बॉडी नव्याने ठोकलेली आणि चासी तेवढी मूळची, अशा जीपा सर्रास दिसतात. मिस्त्रीने आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर आधी जुळवून घेतला. कपड्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. चुंबक धरत नाही तिथे गंजाच्या भोकात लांबी भरलेली असते. मग पायाखालचं रबर उचललं, बॉडी चासीवर बसते ते बोल्ट पाहिले, पाटे मोजले. फोर बाय फोरचा लिव्हर टाकून गाडी नांगरलेल्या रानात घातली. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग पाच-पाच वर्षांचं असतं, वर पर्यावरण कर. तो खर्च किमतीत धरूनच बोलणी करावीत.

तुलनेसाठी महिंद्राचीच थारही पाहिली. २०१० साली आलेल्या पहिल्या थारमध्ये मागे हेच समोरासमोरचे बाक, आणि कॉमन रेल इंजिनाची ओढ यापेक्षा कितीतरी जास्त. २०२० च्या नव्या थारमध्ये कापडी टपाचा प्रकारही आला होता. त्यात मागच्या सीटा पुढे तोंड करून आहेत, सीटबेल्टचे पट्टे आहेत. ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत तिला चार तारे मिळाले. पण मागे जायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. आईने एकदा प्रयत्न केला आणि न बोलता खाली उतरली.

इथे मला माझ्या लाडक्या जीपविरुद्ध बोललं पाहिजे. ज्या आडव्या बाकाची एवढी स्तुती केली, त्यावर एक पट्टा नाही. आडव्या बसलेल्या पोराला जोराच्या ब्रेकमध्ये अडवणारं काही नाही, आणि आमच्या दारावरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. या दोषाला रसग्रहणात पांघरूण घालणं मला जमणार नाही. ज्या घरात एकच गाडी असणार आहे, त्या घराने ही जीप घेऊ नये, नवी थार घ्यावी. आमच्या दारात बंद गाडी आधीच होती. म्हणून जीप घेतली ती एका अटीवर: हायवेवर नाही. रान, तलावाकडचा रस्ता आणि गाव, वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त.

या अटीत ती शोभते. दौंड तालुका पर्जन्यछायेचा. कोकणात कॅनव्हासला बुरशी चढते, इथे हूड वर्षातले बरेच महिने घडी करून ठेवता येतं. त्रास उन्हाचा आणि कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांच्या धुळीचा. त्यामुळे आम्ही ती सांजवेळी काढतो. दिवस कलल्यावर तलावाच्या बाजूने निघालं की पाण्यावरचा गारवा आधी पायांना लागतो, मग चेहऱ्याला. पुढे गुऱ्हाळ लागलं तर काहिलीतल्या रसाचा वास ते दिसण्याआधी येतो. बंद काचेतून मी याच रस्त्याने वीस वर्षं जातोय, तो वास मला कधी आला नव्हता.

यंदा तुकोबारायांची पालखी यवतहून वरवंडला मुक्कामी आली. त्या संध्याकाळी आम्ही हूड काढून जीप दिंडीच्या तळापर्यंत नेली. दोन बाकांच्या मध्ये भाकरीच्या चार पाट्या होत्या, आणि आई त्या दोन्ही हातांनी धरून बसली होती.