विलीनीकरणात राहून गेलेला प्रश्न

१९५२च्या लोकसभेत समाजवादी पक्षाला १०.६ टक्के मतं, जागा १२. कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाला ५.८ टक्के, जागा ९. आणि ३.३ टक्केवाल्या कम्युनिस्टांना १६! सप्टेंबरात दोघं एकत्र आले : प्रजा समाजवादी पक्ष. मतांची बेरीज झाली. सत्ता मिळाली तर कसं वागायचं, हे ठरलंच नाही.

१९५४मध्ये त्रावणकोर-कोचीनला त्यांचंच सरकार होतं. तमिळ भागातल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. सरचिटणीस लोहियांनी स्वपक्षाचे मुख्यमंत्री पट्टम थाणू पिळ्ळै यांचा राजीनामा मागितला. पक्षाने मुख्यमंत्र्यांना सांभाळून घेतलं.

लोहियांनी पक्ष फोडला, असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. विलीन होतानाच विचारायला हवा होता तो प्रश्न त्यांनी उशिरा विचारला, इतकंच. १९५५ संपता संपता ते बाहेर पडले. १९५७ला प्रजा समाजवादींच्या जागा १९.