सांबर, वासरू आणि प्रस्तावना

प्रस्तावना लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात अंतरपाट धरणं. लग्न त्यांचं, मुंडावळ्या त्यांच्या, आणि हात भरून येतात आपले. पुढं संसार बिघडला, तर अंतरपाट कोणी धरला होता हे मात्र लोकांच्या नेमकं ध्यानात राहतं. म्हणून कोणी बाड काखोटीला मारून दारात उभं राहिलं की मी सरळ आजारी पडतो. पण या खेपेला बाड घेऊन आला तो माझा आगाशीचा शाळूसोबती, आणि त्यानं बाडाच्या आधी सुकेळ्यांचा पुडा पुढं केला. दोन सुकेळी तोंडात असताना माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. हे त्याला शाळेपासून माहीत आहे.

बाड म्हणजे त्याच्या वडिलांची, आप्पांची, शिकारवही. आठवडाभर मुंबईच्या कचेरीत कारकुनी करायची, शनिवारी अर्ध्या दिवसानं विरारची गाडी पकडायची, घरून बारा बोअरची बंदूक उचलायची आणि एका मित्राबरोबर पारोळ-तुंगारेश्वरच्या रानात शिरायचं, ते रविवारी रात्री परतायचं. १९५६ ते १९६८ या बारा वर्षांतल्या अशा ३१ शनिवार-रविवारांची ही वही. त्या काळी हे सगळं परवान्यानं चालत असे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं उरलीसुरली फटही बुजवली, आणि तुंगारेश्वर तर २००३ पासून अभयारण्य आहे. आज तिथं भेकरावर बंदूक रोखली तर पुस्तक निघणार नाही, पंचनामा निघेल. पण आप्पांची जन्मशताब्दी, नातवंडांनी वाचावं ही इच्छा, आणि मी चार मासिकांतून पुस्तक-परीक्षणं लिहिलेला 'साहित्यिक'. सापडलो.

वही मी एका बैठकीत वाचली. एका बैठकीत वाचता येते याचं कारण असं की तीन शिकारी वाचल्या की उरलेल्या अठ्ठावीस आपोआप कळतात. मराठी शिकारकथेचा एक साचा ठरलेला आहे. आधी मित्राचं पोस्टकार्ड: 'जनावर आलं आहे, ताबडतोब निघा.' मग तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मग तंबाखू मळणारा वाटाड्या, ज्याला वाऱ्याची दिशा कळते आणि दुसरं काही कळत नाही. मग मचाण, मग डास, मग चंद्र. मग 'एकाएकी'. शिकारकथेतून 'एकाएकी' हा शब्द काढून टाकला तर मराठीतले निम्मे प्राणी आजही जिवंत असते. 'एकाएकी' पाचोळा वाजतो, 'डौलदार' हरीण येतं, गोळी 'मर्मावर' लागते, आणि पुढच्या वाक्यात मटण शिजतं.

हरीण हा आप्पांचा सरसकट शब्द. चितळ हरीण, सांबर हरीण, भेकर हरीण आणि एके ठिकाणी तर काळवीटही हरीणच. हे म्हणजे दारात आलेल्या प्रत्येकाला 'पाहुणे' म्हणण्यासारखं झालं. व्याही कोण आणि विजेचं मीटर बघायला आलेला कोण, हे कळायला नको? चितळ, सांबर, भेकर यांच्या नरांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. काळविटाची शिंगं जन्मभराची, आणि तो उघड्या माळावरचा प्राणी. पारोळच्या झाडीत तो कोणाकडे आला होता?

पण माझा खरा आक्षेप वेगळा होता. ३१ शिकारींत आप्पांचा नेम एकदाही चुकलेला नाही. आता, जिम कॉर्बेटचं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४ साली आलं आणि अजून वाचलं जातं, ते काही नेमबाजीसाठी नाही. चौगढच्या प्रकरणात दोन वाघ समोर आले असताना त्यातला फिकट रंगाचा तो म्हातारा, असं समजून त्यानं गोळी घातली, आणि पडलं ते नरभक्षक वाघिणीचं वाढतं पिल्लू. वाघीण राहिली, आणि आपल्या त्या चुकीची किंमत माणसांनी मोजली, हे तो लिहून ठेवतो. आपल्याला भीती किती वाटली तेही लिहितो. त्यामुळं त्याचा वाघ खरा वाटतो. आप्पांचं हरीण मला खरं वाटेना.

तेवढ्यात वही उलटी धरली गेली. मागच्या बाजूनं जमाखर्च होता! आप्पा हाडाचे कारकून. त्यांनी पुढून साहित्य लिहिलं होतं आणि मागून सत्य. मी पेन्सिल घेऊन बेरीज मांडली. पुढच्या बाजूला मेलेली हरणं २७. मागच्या बाजूला खर्ची पडलेली काडतुसं ११२. उरलेली ८५ कुठं गेली? आणि १९६२ च्या मे महिन्यात, जिथं पुढच्या बाजूला 'अंधारातलं सांबर' ही चार पानी सर्वांत थरारक शिकार आहे, तिथंच मागं एक ओळ होती: 'वासरू, रु. ४५.'

मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, "लेखकराव, तू कधी रानात गेलायस का? आधी ये, मग टीका कर."

असा मी गेल्या डिसेंबरात शनिवार-रविवारच्या हरीणशिकारीला निघालो. बंदूक नव्हती. मित्राकडे दुर्बीण होती, थर्मास होता, डासांचं मलम होतं, आणि गुडघे दुखत असल्यामुळं काठी होती; लांबून कोणी पाहिलं असतं तर काठीलाच बंदूक समजून आम्हांला धरलं असतं. महामार्गावरून शिरसाड फाट्याला वळून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलो. वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली, जिल्हा ठाण्याचा पालघर २०१४ साली झाला, आणि इमारती तर रोजच होतात. तरी त्या रस्त्याला उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर दिसायला लागले की मित्राचा आवाज हळू होतो, हे मी पाहिलं. देवळात गेल्यावर होतो तसा.

आप्पांचा वाटाड्या कधीच गेला. पण त्याचा मुलगा आहे. आप्पांच्या वेळी तो दहा-बारा वर्षांचा पोरगा होता, हाक्याला डबा बडवत धावणारा. आता सत्तरी ओलांडलेला. अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या पाड्यावर त्याच्या अंगणात आमचा मुक्काम पडला. मित्र त्याला 'दादा' म्हणत होता आणि तो मित्राला 'शेठ' म्हणत होता, आणि दोघंही ते मनापासून म्हणत होते.

जेवणं झाल्यावर मित्रानं वही काढून 'अंधारातलं सांबर' मोठ्यानं वाचायला घेतलं. दादा फार रंगून ऐकत होते. वाचून झालं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "सांबर कुठला? आमचा वासरू होता तो." मग एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आप्पांनी दुसऱ्या दिवशी पैसे चुकते केले, वर महिनाभर पाड्यावर कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मित्र हसला नाही. वही मिटून त्यानं थर्मासखाली ठेवली, जणू ती उडून जाणार होती.

रात्री दहाच्या सुमाराला डोंगराकडून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला. एक भुंकणं, थांबणं, पुन्हा एक. "भेकर," दादा म्हणाले. भेकराला काही खुपलं की ते असंच भुंकत राहतं. बिबट्या असेल, नाहीतर आमच्या मलमाचा वास असेल. आमच्या शनिवार-रविवारची कमाई ती तेवढीच. हरीण म्हणून काही दिसलं ते आकाशात: मृग, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागून धावणारा व्याध.

मी अंगणात पडल्या पडल्या विचार करत होतो, की आपल्या वाङ्मयात हरणाच्या मागं गेलेल्या एकाही माणसाचं भलं झालेलं नाही. राम सोन्याच्या हरणामागं गेला आणि सीता गमावून बसला. पांडूनं हरणांच्या जोडीवर बाण टाकला, निघाला ऋषी. परीक्षितीचं जखमी हरीण हातचं निसटलं, त्या तिरमिरीत त्यानं मौनातल्या मुनीच्या गळ्यात मेलेला साप टाकला, आणि तक्षकाला आमंत्रण गेलं. श्रीकृष्णाचा तर पायच व्याधाला हरीण वाटला. कालिदासाचा दुष्यंत त्यातल्या त्यात सुदैवी. त्याला वेळेवर थांबवलं, तरी पुढं अंगठीचा घोळ झालाच. पण त्या नाटकातली मला सदैव आठवणारी गोष्ट राजा नाही. धावता धावता मान मागं वळवून पाहणारं, तोंडातला अर्धवट चावलेला घास वाटेवर सांडणारं ते हरीण आठवतं. आणि शिवलीलामृतात? श्रीधरस्वामींची हरिणी चक्क व्याधाशी बोलते, घरी जाऊन परत येते म्हणून शपथ घालते, आणि परत येते. आमच्या आजोळी शिवरात्रीला ते वाचलं जायचं तेव्हा बायका ती येईपर्यंत वाती वळायच्या थांबत. येणार हे सगळ्यांना माहीत असूनही.

शिकारकथेचा कस माझ्या मते इथं लागतो. जनावर आपल्याकडे पाहतं का? पाहत नसेल, तर ती कथा म्हणजे खाटकाचा हिशेब; आणि खाटीक निदान वजन तरी खरं सांगतो.

आप्पांच्या वहीत ३० शिकारींत जनावर कुठं पाहत नाही. एका पानावर पाहतं. सन १९६३, महिना मार्च. बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले, गोळी घातली. झोतात नुसते डोळे दिसतात, शिंगं आहेत की नाहीत ते कळत नाही. जवळ जाऊन पाहिलं तो भेकरी, आणि दुभती. डोळे उघडे होते. रात्रभर झाडीतून बारीक आवाज येत राहिला. सकाळी पुष्कळ शोधलं, पाडस सापडलं नाही. मांस घेतलं नाही. घरी सांगितलं, आज काही मिळालं नाही. एवढंच. त्यात डौलदार नाही, एकाएकी नाही, चंद्रसुद्धा नाही. बारा वर्षांत आप्पांनी लिहिलेलं एकमेव पान म्हणावं तर ते.

त्यानंतर त्यांनी बंदूक टाकून दिली असं मला लिहिता आलं असतं तर बहार झाली असती. तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेले व्यंकटेश माडगूळकर पुढं दुर्बीण आणि चित्रांची वही घेऊन हिंडले, 'सत्तांतर'सारखं पुस्तक देऊन गेले. आप्पांचं तसं नाही. एप्रिलमध्ये ते पुन्हा रानात. पुढच्या ११ शिकारी, तेच पोस्टकार्ड, तीच चटणी, तोच चंद्र. फक्त प्रत्येक नोंदीच्या शेवटी तीन शब्द वाढलेले: 'नर. पाहून घेतला.' हे तीन शब्द मी दुसऱ्यांदा वाचताना दिसले. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी पुस्तक दोनदा वाचावं हे किती खरं आहे, आणि किती गैरसोयीचं!

परतताना गाडीत मित्रानं विषय काढला. वासरू गाळायचं, आणि ते मार्चचं पान गाळायचं, असं त्याच्या मनात पहिल्यापासून होतं. "शताब्दीचं पुस्तक आहे रे. पोरं वाचणार. आप्पा त्यांना वाघासारखे माहीत आहेत."

"तुझे आप्पा या दोन पानांतच आहेत," मी म्हटलं. "बाकी २९ शिकारी कोणाच्याही आप्पांच्या आहेत."

"तू परीक्षण कर, पितृश्राद्ध मी करतो," तो म्हणाला. त्यानंतर थेट विरार येईपर्यंत आम्ही नुसते खड्डे मोजले. पन्नास वर्षांच्या मैत्रीत असा अबोला पहिलाच. शाळेत त्यानं माझी कंपासपेटी हरवली होती तेव्हासुद्धा आम्ही बोलत होतो.

प्रस्तावना मी लिहून धाडली. त्यात लिहिलं की ही दोन पानं असतील तर खाली माझं नाव छापावं, नसतील तर छापू नये. पंधरा दिवस काही कळलं नाही. मग परवा फोन आला.

"वासरू ठेवतोय," तो म्हणाला. "आईला वाचून दाखवलं."

त्याची आई नव्वदीची आहे. कानानं कमी, बाकी सगळी शाबूत.

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, ४५ नव्हेत, ६० दिले. वरचे १५ तिच्या दुधाच्या पैशातले होते, ते आप्पांनी वहीत धरलेच नाहीत. तेवढं दुरुस्त करून छाप म्हणते."

मी हसलो. तोही हसला, पुष्कळ दिवसांनी.

"आणि मार्चचं पान?" मी विचारलं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागं कुकरची शिट्टी ऐकू आली.

"ते अजून तिला वाचून दाखवलं नाही," तो म्हणाला. "रविवारी ये तू. तू वाच."