नावडत्यांचं मरण

पिगी कुणालाच आवडत नाही. विल्यम गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मधला (१९५४) हा जाडा, दमेकरी, उठसूट मावशीचे दाखले देणारा मुलगा शहाणपणाचं बोलतो तेव्हाही वैताग आणतो. बेटावरची पोरं त्याला हसतात आणि वाचकही मनातल्या मनात 'गप रे बाबा' म्हणत असतो. मग वरून धोंडा येतो. त्या क्षणी वाचकाला जी शरम वाटते, ती गोल्डिंगने आधीच्या पानापानांतून पै-पै करून साठवलेली असते. तगून राहण्याच्या थरारकथेत नावडतं पात्र कशाला हवं, याचं याहून चांगलं उत्तर नंतरच्या सत्तर वर्षांत क्वचितच कुणी दिलं.

त्याआधीची बेटं गोड होती. आर. एम. बॅलंटाइनच्या 'द कोरल आयलंड'मध्ये (१८५८) तीन इंग्रज मुलं बेटावर अडकतात आणि सहलीला आल्यासारखी राहतात. दुष्टपणा येतो तो बाहेरून, चाच्यांच्या गलबतातून वगैरे. गोल्डिंगने त्यातली राल्फ आणि जॅक ही नावं मुद्दाम उचलली. तो सॉल्झबरीच्या शाळेत मास्तर होता, महायुद्धात आरमारात होता. मुलं काय करू शकतात आणि मोठे काय करून बसले, दोन्ही त्याने जवळून पाहिलं होतं. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा बन्या ऊर्फ फास्टर फेणेही दिला. त्या बन्यावर रागवायची सोयच नव्हती. मराठी कुमारवाङ्मय अजून बरंचसं त्याच्याच सावलीत आहे, आणि तुसडा, आपमतलबी, तरीही गोष्टीच्या मधोमध उभा असलेला पोरगा तिथे मला फारसा भेटत नाही.

टोंगाच्या सहा मुलांचा दाखला हल्ली गोल्डिंगला खोटं पाडायला दिला जातो. १९६५मध्ये ती खरोखरच अटा बेटावर अडकली, वर्षाहून अधिक काळ एकमेकांना सांभाळून राहिली आणि १९६६मध्ये सुखरूप सुटली. फार सुंदर हकिकत आहे. पण कादंबरी म्हणजे जनगणना नव्हे. गोल्डिंगची पोरं इंग्रजी शाळांतली, हुकूम द्यायची-घ्यायची सवय लागलेली आहेत, आणि तो त्यांच्याबद्दल बोलतोय.

कौशुन ताकामीच्या 'बॅटल रॉयल'ने (१९९९) जपानमधला अख्खा वर्गच बेटावर नेला. ४२ विद्यार्थी, गळ्यात स्फोटक पट्टे, शेवटी एकच उरायचा. ताकामीची खुबी अशी की मरणाऱ्या बहुतेकांना तो आधी चार ओळी का होईना, स्वतःचं आयुष्य देतो. मित्सुको सोमा ही वर्गातली सगळ्यात भयंकर मुलगी. तिच्या लहानपणी तिच्यावर काय गुदरलं ते कळतं, पण म्हणून ती आवडू लागत नाही, आणि तसा लेखकाचा हट्टही नाही. किरियामाबाबत मात्र त्याने पळवाट काढली. मेंदूला इजा झाल्यामुळे या मुलाला काही वाटतच नाही म्हणे! ज्याला काही वाटत नाही, त्याच्यावर चिडायचं तरी कसं? २०००मध्ये या कादंबरीवर चित्रपट करणारा किंजी फुकासाकु सत्तरीचा होता. युद्धाच्या अखेरीस, पंधराव्या वर्षी, तो दारूगोळ्याच्या कारखान्यात राबत होता, आणि माऱ्यात मेलेल्या सोबत्यांची प्रेतं वाचलेल्या मुलांनाच उचलावी लागली होती. चित्रपटातला मोठ्या माणसांवरचा संताप तिथून आलेला आहे.

मग सुझान कॉलिन्सचा 'द हंगर गेम्स' (२००८) आला आणि बाजारच बदलला. कॅटनिस एव्हरडीन तुसडी, संशयी, कुणाचे आभार मानायचीही चोरी. लेखिका तिला तुसडी राहू देते, पण दोषी होऊ देत नाही. २४ मुलांनी एकमेकांना मारायच्या त्या रिंगणातले कॅटनिसच्या हातचे बळी जरा तपासून पाहा. मार्व्हलला ती मारते, कारण त्याने नुकताच छोट्या रूच्या पोटात भाला खुपसलेला असतो. ग्लिमर जाते ती विषारी माश्यांच्या दंशाने. केटोला ती बाण घालते तो दयेपोटी, श्वापदं त्याचे लचके तोडत असताना. रू, थ्रेश, फॉक्सफेस यांना मारायची वेळ आली असती तर वाचकाच्या पोटात खड्डा पडला असता. म्हणून ते तिघे परस्पर मरतात. मारण्याची आधीच तालीम घेतलेली 'करिअर' टोळी मात्र पहिल्यापासून इतकी उद्दाम रंगवलेली, की तिच्या मरणाचा जाब कुणी विचारत नाही. मुलांची मरणं चवीने बघणाऱ्या कॅपिटल या राजधानीवर ही कादंबरी तुटून पडते आणि वाचकाला हळूच त्याच प्रेक्षकांत बसवते.

'मॉकिंगजे'त (२०१०) कॉलिन्सने हे फेडायचा प्रयत्न केला. तिथे कॅटनिस एका निःशस्त्र बाईला तिच्याच घरात मारते आणि शेवटी कॅपिटलच्या मुलांना रिंगणात उतरवण्याच्या बाजूने मत देते. ते मत मनापासूनचं की डावपेच, यावर वाचक अजून भांडतात. अनेकांचा या भागावर राग आहे. मला मालिकेत तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

मागून आलेल्या लाटेने मात्र पहिल्या भागाचीच सोय उचलली. जेम्स डॅशनरच्या 'द मेझ रनर'मधला (२००९) गॅली घ्या. थॉमसवर विश्वास ठेवू नका, असं तो ओरडून सांगतो. ही मुलं ज्यात अडकली आहेत तो चक्रव्यूह रचण्यात थॉमसचाही हात होता, म्हणजे गॅलीच्या संशयात तथ्य होतं. पण नावडतीचं मीठ अळणी! तो उर्मट आहे, एवढ्यावर त्याचा निकाल लागतो. मुलींच्या बाबतीत हा निकाल आणखी लवकर लागतो. मुलगा बेरकी असला तर त्याला धोरणी म्हणतात, मुलीला तेवढी सूट मिळत नाही.

'द बॅलड ऑफ साँगबर्ड्‌स अँड स्नेक्स'मध्ये (२०२०) कॉलिन्सने थेट भावी हुकूमशहालाच केंद्रस्थानी बसवलं. अठरा वर्षांचा कोरिओलेनस स्नो उकडलेल्या कोबीवर दिवस काढतो, घराण्याची अब्रू ठिगळं लावून सांभाळतो, आणि वाचक नकळत त्याच्या बाजूचा होतो. प्रत्येक नीच कृत्याला त्याच्याकडे नीटनेटकं कारण तयार असतं. पुढे जंगलात बोलता-बोलता आपण तिघांना मारल्याचं त्याच्या तोंडून निसटतं. सोबतच्या ल्यूसी ग्रेला, त्याच्या प्रेयसीला, दोघंच ठाऊक असतात. तिसरा कोण, एवढंच ती विचारते. इतक्या साध्या प्रश्नाने अंगावर काटा आणणारी दुसरी जागा या प्रकारात मला आठवत नाही.

रोरी पॉवरच्या 'वाइल्डर गर्ल्स'मध्ये (२०१९) साथीने वेढलेल्या बेटावरच्या शाळेतली हेटी, मुली उपाशी असताना आलेलं अन्न समुद्रात फेकलं जाताना पाहते आणि गप्प बसते. कथानक पुढे विस्कटतं, पण ती गप्प बसणारी हेटी खरी आहे. स्टीफन किंगने बाखमन या टोपणनावाने लिहिलेल्या 'द लाँग वॉक'मधला (१९७९) बार्कोविच तर शंभर पोरांच्या जीवघेण्या चालण्यात सगळ्यांच्या शिव्यांचा धनी. तोच पुढे केविलवाणा होत जातो, आणि त्याला शिव्या घातल्याचं आपल्याला बोचू लागतं.

कॉलिन्सच्या 'सनराइज ऑन द रीपिंग'चा (२०२५) नायक हेमिच पुन्हा लाघवी आहे. प्रेमळ, निष्ठावान, जरा जास्तच. पुस्तक खरं उचलते ती मेसिली डॉनर. गावातली नकचढी, टोमणेबाज मुलगी म्हणून हेमिच तिला ओळखतो. रिंगणात तिची जीभ गोड होत नाही. तीच जीभ ती कॅपिटलच्या नटव्या लोकांवर चालवते, आणि हेमिचला ती बहिणीसारखी वाटू लागते तीही त्याच जिभेसकट. ही कादंबरी मेसिलीच्या तोंडून यायला हवी होती.