खेळणारांचे अभिप्राय: एका नव्या साधनाची चिकित्सा

टॅब्लेट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या काचेच्या पाटीवर खेळले जाणारे डावपेचांचे व साहसप्रवासाचे खेळ हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. दप्तरें, पोथ्या, ताम्रपट व नाणीं यांच्या चर्चेंत खेळास जागा कोठून, असें कोणी विचारील. परंतु क्रीडाविचार आमच्या पूर्वजांस वर्ज्य नव्हता. चालुक्य राजा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लासां’त क्रीडांसाठीं एक संपूर्ण विंशति खर्ची घातली आहे. शिवाय आम्हांस येथें कोणताहि खेळ शिकवावयाचा नाहीं. खेळणारे परस्परांस जे अभिप्राय कळवितात, म्हणजे कोणता खेळ घ्यावा, कोणता टाकावा, अमुक राजा असा कां वागतो, अमुक वाटेनें गेल्यास काय भेटतें, त्यांचे ढीग गेल्या पंधरा वर्षांत सांचले आहेत. पुढील पिढीस या खेळांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास हेंच तिचें एक मुख्य साधन राहणार. तें कितपत विश्वसनीय आहे व कोणत्या नियमानें वापरावें, एवढाच प्रश्न आम्ही हातीं घेतों.

पौराणिक लोक ऐतिह्य हें एक स्वतंत्र प्रमाण मानीत. अमक्या वडावर यक्ष राहतो असें वृद्ध सांगत आले, हें त्याचें परंपरागत उदाहरण होय. वाचस्पतिमिश्रांनीं ‘सांख्यतत्त्वकौमुदीं’त ऐतिह्याचें हें स्वातंत्र्य काढून घेतलें. त्यांचें कारण सोपें आहे. मूळ वक्ता कोण हेंच ठाऊक नसेल तर वाक्य संशयग्रस्त राहतें. आणि तो वक्ता आप्त म्हणून निश्चित झाला तर तें वाक्य शब्दप्रमाणांतच जमा होतें, निराळें प्रमाण मानण्याची गरज उरत नाहीं. कै. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढून त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली, तिच्या मुळाशीं हेंच तत्त्व होतें. खेळणारांचे अभिप्राय हे आजच्या काळाचें ऐतिह्य असून त्यांतहि यक्ष आहेत. त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध यक्षाची कथा प्रथम पाहूं.

‘सिव्हिलायझेशन’ हा डावपेचांचा खेळ सिड मायर व त्यांचे सहकारी यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला. खेळणारानें एक राष्ट्र घ्यावयाचें, नगरें वसवावयाचीं, विद्या संपादावयाच्या, आणि प्राचीन काळापासून अंतराळयानापर्यंत तें राष्ट्र न्यावयाचें, असें त्याचें स्वरूप आहे. प्रतिस्पर्धी राष्ट्रें यंत्रच चालवितें. त्यांत हिंदुस्थानचे नायक महात्मा गांधी आहेत. कथा अशी: प्रत्येक नायकाच्या अंगीं आक्रमकपणाचा एक अंक असे. गांधींचा अंक सर्वांत लहान, म्हणजे १ होता. राष्ट्रानें लोकशाही स्वीकारली कीं त्या अंकांतून २ वजा होत. बाकी उणें एक यावी; परंतु ज्या कोठ्यांत हा अंक ठेविला होता त्यांत शून्यापासून २५५ पर्यंतच अंक मावत. यास्तव शून्याच्या खालीं गेलेला अंक फिरून २५५ झाला, आणि अहिंसेचा पुरस्कर्ता जगावर अणुबाँब टाकूं लागला!

कथा चतुर आहे, आणि चतुर कथेविषयीं संशोधकानें प्रथम सावध व्हावें. बाह्य पुरावा पाहतां, खेळ १९९१ चा आणि अंक फिरल्याची ही उपपत्ति लेखीं दाखल झाली २०१२ सालीं, तीहि ज्यांत कोणासहि भर घालतां येते अशा एका संग्रहांत व कोणताहि आधार न देतां. मध्यें एकवीस वर्षें गेलीं. त्यानंतर मात्र ती एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, वृत्तपत्रीं लेखांत शिरली, आणि प्रत्येक नव्या लेखकानें मागल्या लेखकास आधार मानिलें. दहा पोथ्या जेव्हां एकाच आदर्श प्रतीवरून उतरलेल्या असतात, तेव्हां त्यांचीं दहा मतें होत नाहींत, एकच होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

अंतःप्रमाण याहूनहि प्रबळ आहे. सिड मायर यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत असें स्पष्ट केलें कीं, मूळ खेळांत हे अंक ऋण होऊं शकत, त्यामुळें ते फिरून २५५ होण्याचा प्रसंगच नव्हता. आणि राज्यपद्धति बदलल्यानें नायकाच्या स्वभावांत फरक पडत नसे. दुसऱ्या ‘सिव्हिलायझेशन’चे मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स यांची साक्ष अशी कीं, आक्रमकपणाच्या पायऱ्या तीनच होत्या आणि सर्वांत खालच्या पायरीवर गांधींसह सुमारें एक तृतीयांश नायक होते. साक्षी दोन, दोन्ही प्रत्यक्ष संबंधितांच्या, आणि परस्परांस पोषक. कथा पडली.

मग तिचें मूळ कशांत? अणुशक्ति हातीं आलेला कोणताहि नायक त्या खेळांत सारख्याच शब्दांत दरडावतो. शांततेनें राहून विद्येकडे लक्ष देणारें राष्ट्र त्या शक्तीपर्यंत लवकर पोंचतें. तेव्हां गांधींच्या मुखीं ती धमकी खेळणारांनीं खरोखरच ऐकिली असणार. इतर नायकांच्या मुखांतील तीच धमकी कोणी लक्षांत ठेविली नाहीं. ही विसंगत म्हणून स्मरणांत राहिली. म्हणजे अनुभव खरा आहे, त्याचें सांगितलेलें कारण खोटें आहे. खेळणारांच्या अभिप्रायांविषयीं आमचा पहिला नियम यांतून निघतो: काय दिसलें याविषयीं खेळणारा हा साक्षी आहे, तें कां घडलें याविषयीं तो साक्षी नव्हे, केवळ टीकाकार आहे. दोन्ही वाक्यें तो एकाच दमांत बोलत असल्यानें तीं निराळीं करणें हें संशोधकाचें काम.

येथें आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. २०१० सालीं निघालेल्या पांचव्या ‘सिव्हिलायझेशन’मध्यें रचनाकारानें विनोद म्हणून गांधींची अण्वस्त्रांकडील ओढ दहाच्या मापावर बारा ठेविली. ही घटना उपरोक्त लेखी कथेच्या दोन वर्षें आधींची आहे. म्हणजे १९९१ च्या कथित चुकीवरून २०१० चा विनोद निघाला, ही समजूत उलटी दिसते. २०१० चा विनोद पाहून १९९१ ची चूक कल्पिली गेली, हाच क्रम अधिक संभवनीय. नव्या प्रतींतील पाठ जुन्या प्रतीवर लादण्याचा हा प्रकार पोथ्यांच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. पुढें सहाव्या खेळांत गांधींचा हा छुपा कल कायम ठेविला गेला. जनश्रुति अशा रीतीनें मूळ संहितेंत जाऊन बसली.

म्हणून खोटी ठरलेली कथा केराच्या टोपलींत टाकावी असें आम्ही म्हणत नाहीं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याची वार्ता खोटी होती; परंतु त्या वार्तेवर तोतया उभा राहिला, लोक त्याच्या मागें गेले, आणि १७७६ सालीं त्यास देहांत शासन होईतों पेशवाईस त्याचा ताप झाला. वार्ता असत्य, तिचे परिणाम सत्य. इतिहासकारास दोहोंची नोंद करावी लागते, मात्र निरनिराळ्या रकान्यांत.

दुसरा नियम वाचनाच्या व्याप्तीचा. सहावा ‘सिव्हिलायझेशन’ २०१६ सालीं निघाला आणि डिसेंबर २०१७ मध्यें आयपॅड या पाटीवर आला. पाटीवर पहिल्या साठ पाळ्या विनामूल्य ठेविल्या होत्या; पुढें खेळावयाचें तर मूल्य भरावें लागे. नेहमींच्या गतीच्या डावाची मर्यादा पांचशें पाळ्यांची. ज्यानें साठच पाळ्या पाहिल्या त्याचें राष्ट्र प्राचीन युगांतून जेमतेम बाहेर पडलेलें असतें. छापखाना, तोफखाना, आगगाडी यांचें त्यानें दर्शनहि घेतलेलें नसतें. अशा मनुष्याचा अभिप्राय निरुपयोगी नाहीं. आरंभ रुचला कीं नाहीं, पाटीवर बोटानें खेळणें सुलभ वाटलें कीं नाहीं, हें तो सांगूं शकतो. परंतु समग्र खेळाविषयींचा निर्णय म्हणून तो अभिप्राय स्वीकारणें म्हणजे पोथीचीं पहिलीं चार पत्रें पाहून ग्रंथकाराचा सिद्धांत सांगणें होय.

तिसरा नियम सर्वांत कठीण, आणि त्यासाठीं साहसप्रवासाच्या खेळाकडे वळलें पाहिजे. केंब्रिज येथील ‘इंकल’ या संस्थेनें जुलै २०१४ मध्यें ‘एटी डेज’ हा खेळ काढिला. ‘टाइम’नें त्या वर्षींच्या खेळांत त्यास पहिलें स्थान दिलें. आधार ज्यूल व्हर्न यांच्या १८७२ सालच्या ऐंशीं दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीचा. लेखन मुख्यत्वेंकरून मेग जयंत यांचें. वाढीव आवृत्तींत संहिता सुमारें ७,५०,००० शब्दांपर्यंत गेली आहे. परंतु लंडनाहून निघून लंडनास परत येणाऱ्या एका प्रवासांत तिचा अत्यल्प अंशच वाचनांत येतो. एक खेळणारा मुंबईवरून जातो, दुसरा उत्तरेकडून. दोघे परस्परांस अभिप्राय सांगूं लागले कीं एकच ग्रंथ वाचल्याच्या समजुतीनें दोन ग्रंथांविषयीं भांडतात.

पाठभेदांचा प्रश्न भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीमुळें आम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथें कै. सुकथनकरांस पाठभेद बाजूस सारून जुन्यांत जुन्या पाठापर्यंत पोंचावयाचें होतें, कारण ते भेद परंपरेच्या ओघांत उत्पन्न झालेले होते. येथें भेद हाच ग्रंथकर्त्याचा हेतु आहे. सर्व पाठ मूळचे, सर्व प्रमाण; त्यांतून एक ‘शुद्ध’ पाठ काढणें अशक्य आणि अनिष्टहि. अतएव येथें अभिप्राय खरा कीं खोटा हें विचारण्यापूर्वीं तो कोणत्या मार्गाचा हें विचारावें. मार्ग सांगितल्याविना दिलेला अभिप्राय संदर्भावांचून उतरून घेतलेल्या श्लोकासारखा होय.

या खेळाच्या गुणदोषांविषयींहि दोन शब्द अस्थानीं होणार नाहींत. खेळणारा येथें धनी नसून पासपार्तू हा सेवक आहे. पेटी भरणें, पैसा पुरविणें, धन्याची प्रकृति सांभाळणें आणि वाटेंत भेटणाऱ्यांशीं बोलणें, हीं कामें त्याचीं. जग धन्याच्या खिडकींतून न दिसतां चाकराच्या डोळ्यांनीं दिसतें, हा आम्ही या रचनेचा मोठा गुण समजतों. दिवसांच्या हिशेबाची टांचणी मात्र वाचनास सतत टोंचत राहते. पैज जिंकावी तर कथा सुटते, कथा ऐकावी तर पैज. खेळणारांत दोन पक्ष पडतात ते येथेंच.

यांत यंत्रपुरुष आहेत, यंत्रकारांचा संघ आहे. तेव्हां १८७२ चा काळ विपरीत दाखविला असा आक्षेप येणें स्वाभाविक आहे. परंतु मूळ कादंबरींत तरी काय आहे? व्हर्न यांनीं मुंबईकडून येणारा लोहमार्ग मध्येंच तोडून प्रवाशांस हत्तीवर बसविलें, वस्तुतः जी. आय. पी. चा मार्ग मार्च १८७० मध्येंच जबलपुरास जोडला जाऊन मुंबई व कलकत्ता यांस अखंड आगगाडी मिळाली होती. कल्पित म्हणून उघड सांगितलेल्या इतिहासापासून फारसें भय नाहीं. यंत्रपुरुष दिसतांच वाचक सावध होतो. ‘सिव्हिलायझेशन’मध्यें मात्र सर्व राष्ट्रें विद्यांच्या एकाच वृक्षावर चढतात, जो मागें राहिला तो केवळ मंद ठरतो, आणि हें सर्व खऱ्या नांवांनीं व खऱ्या चेहऱ्यांनीं चालतें. समाजांच्या वाटा भिन्न असूं शकतात ही गोष्ट तेथें नियमांतच बसत नाहीं. दोहोंत इतिहासाच्या विद्यार्थ्यास अधिक भुलविणारा कोणता, याचें आमचें उत्तर वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल.

आतां हा सर्व खटाटोप कशासाठीं तें सांगतों. हे ग्रंथ कागदापेक्षां अल्पायुषी आहेत. सप्टेंबर २०१७ मध्यें आयपॅडची मूळ कार्यप्रणाली बदलून अकरावी आवृत्ति आली, आणि जुन्या बत्तीस-अंकी पद्धतीनें रचिलेले जे खेळ कर्त्यांनीं सुधारून दिले नव्हते ते तिच्यावर उघडेनासे झाले. वाळवीस जें करण्यास पिढ्या लागतात तें येथें एका रात्रींत घडलें. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ बाजारांत मिळत नाहींत असें आढळलें. पाट्यांवरील खेळांचें भवितव्य याहून बरें असेल असें मानण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. ज्या ग्रंथांचीं मुळें नष्ट होऊन केवळ इतरांच्या उल्लेखांवरून तीं ओळखावीं लागतात, असे ग्रंथ संस्कृतांत थोडे नाहींत. उद्यां या खेळांचीहि तीच अवस्था होईल, आणि तेव्हां खेळणारांचे अभिप्राय हेच अवतरणांचें काम करतील.

यास्तव संग्राहकांस आमची सूचना अशी: अभिप्राय जमवावे, आणि प्रत्येकास पोथीच्या पुष्पिकेसारखी पुष्पिका जोडावी. खेळाची आवृत्ति कोणती. पाटी व तिची कार्यप्रणाली कोणती. लिहिल्याची तिथि कोणती. खेळ कोठपर्यंत व कोणत्या मार्गानें पाहिला. आणि सांगितलेली गोष्ट स्वतः पाहिली कीं ऐकिली. हीं पांच कलमें असतील तर सामान्य खेळणाराचें वाक्यहि आप्तवाक्याच्या जवळ येतें. नसतील तर विद्वानाचेंहि वाक्य वडावरील यक्षच. लेखकूनें आपलें नांव, शक आणि गांव पोथीच्या अखेरीस लिहिलें म्हणून आज आपण त्याच्या शब्दास किंमत देऊं शकतों. तेवढें सौजन्य आपणहि पुढील संशोधकांस दाखविणें उचित होय. इत्यलम्.